हौसेला मोल नसते, प्रशिक्षकाला असते

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मधले ‘सायक्लॉप्स’ हे प्रकरण ज्यांनी वाचले किंवा शिकवले आहे, त्यांना त्यातला ‘सिटिझन’ विसरणे कठीण. डब्लिनच्या एका मद्यगृहात बसून परकीयांवर आग ओकणारा, जगाकडे एकाच डोळ्याने पाहणारा हा राष्ट्रभक्त जॉइसने बऱ्याच अंशी मायकल क्यूसॅक या गृहस्थावरून बेतला, ही माहिती आपण तळटीपेत वाचतो आणि पुढे जातो. हा क्यूसॅक गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा एक संस्थापक होता, हेही त्याच टीपेत असते. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात मोजकी माणसे जमली आणि आयरिश खेळांच्या पुनरुज्जीवनासाठी ही संघटना निघाली. टीप इथे संपते. प्रस्तुत लेख टीप संपल्यानंतरच्या गोष्टीविषयी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने खेळाच्या पैशांत नाक का खुपसावे, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की हा सारा वाद एका शब्दाभोवती फिरतो आणि शब्द कशावर पांघरूण घालतात हे तपासणे हे आपले काम आहे. तो शब्द म्हणजे ‘हौशी’. आपण हौशी रंगभूमी म्हणतो, हौशी गायक म्हणतो, आणि त्या शब्दाबरोबर एक निर्मळपणा गृहीत धरतो. हौसेला मोल नसते, अशी म्हणच आपल्याकडे आहे. ती ऐकायला गोड आहे. पण जिथे मोल नसल्याचे जाहीर केलेले असते तिथे हिशेब विचारणेही अशिष्ट ठरते, हा तिचा दुसरा अर्थ आपण क्वचितच लक्षात घेतो. गेलिक खेळांत नेमके हेच घडले आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे या संघटनेचे दोन प्रमुख खेळ. पहिला हाता-पायांनी खेळायचा, दुसरा लाकडी काठीने आणि लहान चेंडूने. आयर्लंड बेटावरच्या बत्तीसही काउंट्या, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या सहांसह, एकाच संघटनेत आहेत. तळाशी क्लब, आणि क्लब म्हणजे बहुतेक ठिकाणी एक पॅरिश, एका चर्चभोवतीचा गावाचा परिसर. खेळाडूला खेळण्याचा पगार मिळत नाही. ८२ हजार प्रेक्षकांच्या क्रोक पार्कमध्ये रविवारी अंतिम सामना खेळणारा मुलगा सोमवारी शाळेत शिकवायला, बँकेत बसायला किंवा गोठ्यात जातो. खेळाडूंचा बाजार नाही; माणूस आपल्या गावाच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून खेळतो. प्रवासखर्च मिळतो आणि काउंटीच्या खेळाडूंना २००८ पासून सरकारकडून एक माफक अनुदानही मिळते. परंतु तो पगार नव्हे.

हे सारे खरोखर विलोभनीय आहे. ज्या काळात खेळाडूंचे लिलाव होतात आणि ते पाहण्यासाठी लोक दूरचित्रवाणीसमोर बसतात, त्या काळात एका देशाचे सर्वांत लोकप्रिय खेळ बिनपगारी असावेत ही नवलाची गोष्ट आहे. माझा आक्षेप या आदर्शावर नाही. आदर्शाचे नाव पुढे करून ज्याचा हिशेब टाळला गेला, त्या वाटपावर आहे.

ज्या खेळात खेळाडू विकत घेता येत नाही, त्या खेळात पैसा कुठे जातो? तो प्रशिक्षणात जातो. शाळाशाळांतून हिंडून सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हाती चेंडू देणारा पगारी प्रशिक्षक, हीच तिथली खरी गुंतवणूक. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंत पहिली निवड करण्याचा हक्क असतो. नफ्यासाठी चालणाऱ्या त्या धंद्यानेदेखील दुबळ्याला उभे करण्याची एक यंत्रणा ठेवली आहे. गेलिक खेळांत अशी निवड नाही, खरेदी नाही, उसनवारी नाही. दुबळ्या काउंटीला वर यायचे तर एकच वाट उरते: आहे त्या मुलांना अधिक चांगले शिकवणे. म्हणून प्रशिक्षणाचा पैसा कुणाला किती द्यायचा हा या संघटनेतला दुय्यम, कारकुनी प्रश्न नाही. हौशी खेळातले एकमेव अर्थकारण तेच आहे.

आता प्रत्यक्ष काय झाले ते पाहू. विसाव्या शतकाच्या अखेरीस डब्लिन शहरात गेलिक खेळांची पीछेहाट होत असल्याची काळजी संघटनेला वाटत होती. शहरी मुले सॉकर आणि रग्बीकडे वळतील ही भीती निराधार नव्हती. २००२ साली संघटनेच्या धोरण-आढावा समितीने आपला अहवाल दिला. तिचे अध्यक्ष होते माजी संघटनाध्यक्ष पीटर क्विन. डब्लिनकडे विशेष लक्ष पुरवावे आणि लोकसंख्येने अवाढव्य झालेल्या या काउंटीचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग करावेत, असा तिचा विचार होता. विभागणीची सूचना बासनात गेली. पैसा मात्र आला. २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेतून डब्लिनला खेळविकासासाठी दरवर्षी साधारण १० लाख युरोंहून अधिक रक्कम मिळू लागली आणि ती दीड दशक चालू राहिली. यात राज्याच्या क्रीडा परिषदेकडून आलेला, म्हणजे करदात्यांचा पैसाही होता. दुसरी कोणतीही काउंटी या रकमेच्या जवळपासही नव्हती.

या पैशांतून डब्लिनमध्ये पन्नासहून अधिक पूर्णवेळ खेळप्रसारक प्रशिक्षक नेमले गेले. योजनेची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रशिक्षकाच्या पगाराचा निम्मा भाग क्लबने उचलायचा आणि निम्मा अनुदानातून यायचा. वरवर पाहता हे शिस्तीचे वाटते: ज्याला प्रशिक्षक हवा त्याने आपला अर्धा वाटा घालावा. पण अर्धा वाटा कोण घालू शकतो? हजारो सभासदांचा उपनगरी क्लब घालू शकतो. जिथे पंधरा खेळाडू जमवण्यासाठी शेजारच्या पॅरिशशी एकत्र संघ करावा लागतो, त्या डोंगराळ भागातल्या क्लबला तो कुठून जमणार? ‘तू अर्धे आण, मी अर्धे देतो’ हा करार दोन समान ऐपतीच्या माणसांत न्याय्य असतो. विषमांत तो आहे रे वर्गालाच अधिक देतो. मदतीची अट अशी लिहिलेली होती की जो मदतीविना उभा राहू शकतो तोच तिला पात्र ठरावा.

परिणाम मैदानावर दिसला. लेन्स्टर प्रांताची फुटबॉल स्पर्धा १९९७ ते २००४ या आठ वर्षांत सहा वेगवेगळ्या काउंट्यांनी जिंकली होती: ऑफली, किल्डेर, मीथ, डब्लिन, लीश आणि वेस्टमीथ. वेस्टमीथचे २००४ चे विजेतेपद तर त्यांच्या इतिहासातले पहिलेच. त्यानंतर २००५ ते २०२४ या वीस वर्षांत एकोणीस वेळा डब्लिन जिंकले. २०१० चा अपवाद, तेव्हा मीथ. राष्ट्रीय विजेतेपद डब्लिनने २०११ आणि २०१३ मध्ये मिळवले आणि मग २०१५ पासून २०२० पर्यंत सलग सहा वेळा. पश्चिमेकडच्या मेयो काउंटीने १९५१ नंतर हा चषक पाहिलेला नाही. २०१३, २०१६ आणि २०१७ या तीन वर्षांच्या अंतिम फेऱ्यांत ते डब्लिनकडून केवळ एकेका गुणाने हरले. २०१६ ला तर पहिला सामना बरोबरीत सुटल्यावर, फेरसामन्यात. एका गुणाच्या पराभवाचे कारण शोधताना पंचांकडे, वाऱ्याकडे, नशिबाकडे बोट दाखवता येते. ताळेबंदाकडे बोट दाखवण्याची मात्र पद्धत नव्हती.

२०२० च्या डिसेंबरमध्ये वेस्टमीथचा माजी फुटबॉलपटू जॉन कॉनेलन याने एक खुले पत्र लिहून या वाटपाचा फेरविचार मागितला, तेव्हा ही चर्चा अखेर टाळता येण्याजोगी राहिली नाही. २०२१ मध्ये वाटपाची पद्धत बदलण्याचा आणि डब्लिनचा अधिकचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा निर्णय झाला. म्हणजे अन्याय झाला होता, हे आडवळणाने मान्य झाले. तरीही त्या वाटपाच्या समर्थनार्थ दिले गेलेले युक्तिवाद अजून जिवंत आहेत आणि ते पुन्हा वापरले जातील. म्हणून ते एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

पहिला युक्तिवाद लोकसंख्येचा. २०२२ च्या जनगणनेनुसार डब्लिनची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, म्हणजे प्रजासत्ताकाच्या एकूण ५१ लाख ४९ हजारांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त. लेट्रिम काउंटीची ३५ हजार. जिथे मुले जास्त तिथे प्रशिक्षक जास्त, यात चूक काय? एक तर डब्लिनला मिळणारी रक्कम दरडोई हिशेबानेही इतरांहून कितीतरी जास्त होती, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्याच कसोटीवर पडतो. पण वाटपाच्या टीकाकारांनीही हीच कसोटी उचलली आणि ‘दर नोंदणीकृत खेळाडूमागे किती युरो’ अशा तक्त्यांवर वाद चालवला, हे मला अधिक गंभीर वाटते. दोन्ही बाजूंनी डोकी मोजली. डोके हे या खेळाचे एकक आहे का, हे विचारले गेले नाही.

ते नाही. मैदानात एकक आहे काउंटी. साडेचौदा लाखांचे डब्लिन पंधरा खेळाडू उतरवते आणि ३५ हजारांचे लेट्रिमही पंधराच. स्पर्धेत प्रत्येक काउंटीचा संघ एक, ध्वज एक, रंग एक. ज्या दिवशी सामना असतो त्या दिवशी डब्लिन म्हणते, आम्ही इतर एकतीस जणांसारखीच एक काउंटी आहोत. ज्या दिवशी पैसे वाटले जातात त्या दिवशी डब्लिन म्हणते, आम्ही इतकी माणसे आहोत. मैदानात काउंटी आणि तिजोरीत डोकी, अशी दोन मापे एकाच वेळी वापरता येणार नाहीत. डोकी मोजायची तर २००२ ची सूचना बासनातून बाहेर काढून डब्लिनचे भाग करा आणि त्यांना वेगवेगळे संघ द्या. काउंटी मोजायची तर तिजोरीतही काउंटीच मोजा. दुकानदार घ्यायचे माप वेगळे आणि द्यायचे माप वेगळे ठेवतो तेव्हा त्याला काय म्हणतात, ते आपल्या बाजारात सर्वांना ठाऊक आहे.

विभागणीला डब्लिनचा विरोध आहे तो अस्मितेच्या भावनेतून, आणि ती भावना मला खोटी वाटत नाही. निळा सदरा घालून हिल सिक्स्टीनच्या उतारावर उभा राहणारा प्रेक्षक उत्तर डब्लिनचा की दक्षिण डब्लिनचा, या प्रश्नाने हिरमुसेल, हे समजण्याजोगे आहे. माझे एवढेच म्हणणे आहे की अस्मिता अखंड ठेवायची तर तिची किंमत अस्मितावंतानेच द्यावी. ती लेट्रिमच्या आणि लाँगफर्डच्या पोरांकडून वसूल करू नये.

दुसरा युक्तिवाद असा की पैशाने चषक येत नाहीत, माणसे आणतात. डब्लिनला स्टीफन क्लक्स्टनसारखा गोलरक्षक मिळाला, जिम गॅव्हिनसारखा व्यवस्थापक लाभला. ही पिढी दैवी होती. शिवाय प्रशिक्षणाचा पैसा हर्लिंगलाही मिळाला, पण हर्लिंगचे राष्ट्रीय विजेतेपद डब्लिनकडे १९३८ नंतर आलेले नाही. हे सारे खरे आहे आणि त्यातून एवढेच सिद्ध होते की पैसा पुरेसा नसतो. तो आवश्यक नसतो हे सिद्ध होत नाही. हर्लिंगमध्ये किल्केनी, टिपरेरी आणि कॉर्क यांची परंपरा शतकाहून जुनी आहे आणि तिथे काठी पाळण्याबरोबर येते. ती दरी पंधरा वर्षांत बुजली नाही यात नवल नाही. तरीही याच काळात डब्लिनच्या हर्लिंग संघाने २०११ ची राष्ट्रीय लीग आणि २०१३ ची लेन्स्टर स्पर्धा जिंकली, हे युक्तिवाद करणारे सोयीने विसरतात. आणि दैवी पिढीविषयी बोलायचे तर प्रतिभा सर्वत्र जन्मते, हे साहित्याच्या माणसांना सांगायला नको. प्रश्न एवढाच असतो की ती जन्मली त्या गावात तिला ओळखणारा मास्तर होता की नव्हता.

तिसरा युक्तिवाद ताजा आहे: आता प्रश्नच उरलेला नाही. २०२१ च्या उपान्त्य फेरीत मेयोने डब्लिनला हरवले आणि चषक टिरोनने नेला. २०२२ मध्ये केरी, २०२४ मध्ये आर्मा, २०२५ मध्ये पुन्हा केरी. २०२५ च्या लेन्स्टर स्पर्धेत मीथने डब्लिनला बाद केले आणि विजेतेपद मिळाले लाउथला, तेही १९५७ नंतर प्रथमच. मग रडायचे कशाला? रडायचे यासाठी की न्याय चषकांच्या यादीत मोजला जात नाही. एकदा पाऊस पडला म्हणून विहीर खोदण्याचा प्रश्न मिटत नाही. लेट्रिमने आपली प्रांतिक स्पर्धा आजवर दोनदाच जिंकली आहे, १९२७ मध्ये आणि १९९४ मध्ये. २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या संघाने कॉनाक्ट स्पर्धेतला आपला पहिलावहिला विजय मिळवला, तो पेनल्टींवर लेट्रिमला हरवून. जी काउंटी पिढ्यान् पिढ्या आपली माणसे जहाजांवर चढवत आली, तिला स्थलांतरितांच्या शहराने हरवावे, हा योगायोग कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय लीगच्या सुरुवातीलाच लेट्रिमकडे उतरवण्याजोगे पुरेसे खेळाडू नव्हते आणि फर्मॅनाला न खेळताच विजय द्यावा लागला. लाउथचा आनंद खरा आहे, पण त्या आनंदाने ही रिकामी जागा भरत नाही.

इथे पॅट्रिक कॅव्हनाची आठवण अपरिहार्य आहे. मोनॅहन काउंटीतल्या इनिसकीन गावचा हा कवी आपल्या गावाच्या गेलिक फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता. १९५२ साली त्याने एक भेद मांडला होता. प्रांतीय वृत्तीचा माणूस सतत राजधानीकडे पाहतो आणि ती काय म्हणते ते कळेपर्यंत त्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसतो. पॅरिशचा माणूस मात्र आपल्या गावाच्या मोलाविषयी कधीच साशंक नसतो, आणि सारी मोठी संस्कृती पॅरिशमधून उगवते, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार. नेमाड्यांच्या देशीवादावर वर्गात हमरीतुमरीवर आलेल्या आपल्या वाचकांना हा सूर परका वाटणार नाही. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही या विचाराची सर्वांत मोठी प्रत्यक्ष संस्था आहे. तिची सारी नैतिक प्रतिष्ठा पॅरिशवर उभी आहे. तिच्या भाषणांत पॅरिश येते, स्मरणिकांत येते. अशा संस्थेने पैसे वाटताना मात्र राजधानीचे तोंड पाहावे, ही नुसती विसंगती राहत नाही. तो स्वतःच्या संहितेचा द्रोह ठरतो.

हौशीपणाचे हे सोवळे इतरत्रही फाटलेले आहे. व्यवस्थापकांना मागल्या दाराने पैसे दिले जातात, ही बाब संघटनेचे तत्कालीन महासंचालक पॉरिक डफी यांनी २०१२ मध्ये एका चर्चापत्रिकेतून उघडपणे मांडली. काउंटी संघांच्या तयारीवर २०१९ मध्ये सगळ्या काउंट्यांचा मिळून सुमारे ३ कोटी युरो खर्च झाला. २०२३ मध्ये तो ४ कोटींच्या घरात गेला. आहारतज्ज्ञ, विश्लेषक, व्यायामशिक्षक, फिजिओथेरपिस्ट हे सारे पगारी किंवा मानधनी. मधोमध उभा असलेला खेळाडू तेवढा हौशी. मेयोतला मुलगा नोकरीसाठी डब्लिनला राहतो आणि सरावासाठी देश ओलांडून घरी जातो. डब्लिनचा मुलगा त्याच संध्याकाळी अर्ध्या तासात मैदानावर पोहोचतो. ही दरी कोणत्याही तक्त्यात येत नाही, कारण हौसेपोटी केलेल्या प्रवासाचे मोल धरायचे नसते.

जिथे न्याय नसतो तिथे दानशूर येतो. लिमरिकच्या हर्लिंग संघाचे पाठीराखे, अब्जाधीश जे. पी. मॅकमॅनस यांनी २०१८ मध्ये प्रत्येक काउंटीला १ लाख युरो दिले आणि २०२३ च्या अखेरीस प्रत्येक काउंटीला १० लाख युरो, म्हणजे एकूण ३ कोटी २० लाख. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी बत्तीस समान वाटे केले. लेट्रिमला जेवढे, डब्लिनला तेवढेच. संघटनेला दशकानुदशके जे माप सापडले नाही ते एका धनिकाला एका दुपारी सापडले. त्यांच्या उदारपणाबद्दल मला शंका नाही. पण गावातल्या पोराला प्रशिक्षक मिळणे ही कुणाच्या मर्जीची बाब असू नये. दान देणारा उद्या देईलच असे नाही, आणि न दिल्यास त्याला जाब विचारता येत नाही.

आणखी एक गोष्ट. डोकी मोजणाऱ्यांनी ज्या आकड्यांवर वाद घातला ते मुख्यतः पुरुषांच्या संघटनेचे होते. कमोगी, म्हणजे स्त्रियांचे हर्लिंग, १९०४ पासून वेगळ्या संघटनेकडे आहे. स्त्रियांचे गेलिक फुटबॉल १९७४ पासून आणखी वेगळ्या. काउंटी खेळाडूंचे सरकारी अनुदान स्त्री-पुरुषांना समान व्हायला २०२१ साल उजाडले. तिन्ही संघटनांच्या एकीकरणाचे काम माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकलीस यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाले आणि २०२७ हे त्याचे लक्ष्य ठरले. तोवर एकाच क्लबच्या एकाच मैदानावर भाऊ एका तिजोरीचा आणि बहीण दुसऱ्या तिजोरीची. न्याय्य वाटपाची कोणतीही भाषा यापुढे बहिणीला वगळून बोलता येणार नाही.

मग करावे काय? नुसती झोड उठवून थांबणे सोपे असते, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रत्येक काउंटीला, तिची नोंदणी कितीही असो, पूर्णवेळ प्रशिक्षकांची एक किमान संख्या हक्काने मिळावी. अर्ध्या वाट्याची अट क्लबच्या ऐपतीनुसार उलटी करावी: लहान क्लबचा संपूर्ण पगार केंद्राने द्यावा, मोठ्या क्लबने बराचसा स्वतः उचलावा. विरळ वस्तीत एका मुलापर्यंत पोहोचायला प्रशिक्षकाला जास्त मैल कापावे लागतात. तो खर्च स्वतंत्र धरावा. मोठ्या काउंट्यांच्या प्रायोजकांकडून येणाऱ्या पैशाचा काही भाग सामायिक निधीत जावा, कारण प्रतिस्पर्धी नसेल तर प्रायोजकाच्या नावाचा सदरा पाहायला कोणी येणार नाही. आणि मुलगे व मुली यांचा हिशेब एकाच वहीत असावा. यांतले काहीही हौशीपणाच्या विरुद्ध नाही. उलट खेळाडूला पगार न देणाऱ्या संस्थेने निदान त्याच्या बालपणी त्याला शिक्षक द्यावा, एवढेच यात मागितले आहे.

यावर असे म्हटले जाईल की अशाने डब्लिनच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांवर अन्याय होईल. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वरच्या दुसऱ्या सूचनेत आहे. डब्लिनमध्येही पैसा सर्वत्र सारखा पोहोचला नव्हता. अर्ध्या वाट्याच्या अटीने सधन उपनगरांतले क्लब फोफावले आणि शहराच्या आतल्या कष्टकरी वस्त्यांतल्या क्लबांना तो अर्धा जमवणे तितकेच कठीण गेले. म्हणजे ही लढाई डब्लिन विरुद्ध ग्रामीण आयर्लंड अशी नाहीच. ज्याला अर्धे आणता येते तो एका बाजूला, आणि ज्याला येत नाही तो दुसऱ्या. हे ओळखल्याशिवाय दोन्हीकडचे पाठीराखे एकमेकांना शिव्या देत राहतील आणि अट तशीच राहील.

जॉइसच्या ‘सिटिझन’ची थट्टा आपण वर्गात मजेने करतो. त्याचा एक डोळा मिटलेला आहे, म्हणून त्याला शेजारी बसलेला माणूस दिसत नाही. पण त्याच्यानंतर शंभर वर्षांनी, डोळे शाबूत असलेली शहाणी माणसे हिशेबाची वही उघडून बसली आणि त्यांनाही डोंगरापलीकडचे पोर दिसले नाही. त्या पोराला हौस आहे. तिला मोल नसते, हे मान्य. पण संध्याकाळी साडेपाच वाजता पावसात त्याच्या शाळेच्या मैदानावर उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाला मोल असते आणि ते कुणीतरी मोजावेच लागते. ते कुणासाठी मोजले गेले आणि कुणासाठी नाही, हे विचारण्याने खेळाचे पावित्र्य भंगत नाही. भंगलेच, तर ते पावित्र्य कशावर उभे होते ते तेव्हा कळेल.